मुलीला कॅथलिक निवासी शाळेत घालताना: कोल्हापूरच्या पालकांसाठी

कोल्हापूरला वसतिगृहाचे वावडे कधीच नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे या शहरात उभी राहिली. खेड्यातला मुलगा शिकायला आला तर राहील कुठे, या प्रश्नाला शहराने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिले होते. मात्र ती सोय मुख्यतः मुलग्यांची होती आणि बहुतेक वेळा आपल्याच समाजाच्या छत्राखालची होती. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घरापासून दूर, सिस्टर्स म्हणजे कॅथलिक संन्यासिनी चालवत असलेल्या शाळेत, वेगळ्या धर्मपरंपरेतल्या शिक्षिकांच्या हाती सोपवणे ही निराळी गोष्ट आहे. त्या निर्णयाची तयारी कशी करावी, हे पुढे लिहिले आहे.

शाळा पाहायला गेलेले पालक सहसा इमारत, दहावीचा निकाल आणि फी या तीन गोष्टी विचारून परततात. त्याआधी शाळेचा दिनक्रम लेखी मागून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निवासी शाळेत मुलगी दिवसाचे चोवीस तास त्या दिनक्रमात राहते. निकाल वर्षातून एकदा लागतो, घंटा मात्र रोज वाजते. या शाळांचा दिवस साधारणपणे सकाळी सहाच्या आसपास सुरू होतो. आवरणे, थोडा अभ्यास, न्याहारी, प्रार्थनासभा, दुपारच्या जेवणाची सुट्टी धरून तिसऱ्या प्रहरापर्यंत वर्ग, चहा, खेळ, अंघोळ, संध्याकाळची स्टडी, सातच्या सुमारास जेवण, पुन्हा स्टडी आणि नऊच्या आगेमागे दिवे बंद, असा तो क्रम असतो. हा कागद घरी आणून मुलीसमोर ठेवावा आणि यातले काय आवडेल, काय जड जाईल, हे तिलाच विचारावे. खेळाच्या तासाकडे तिचे डोळे आधी गेले तर ते चांगले लक्षण समजावे.

निवासी शाळा हवीच आहे का, हेही याच टप्प्यावर ठरवावे. केवळ चांगले इंग्रजी आणि मिशनरी शाळेची शिस्त एवढेच हवे असेल, तर खुद्द कोल्हापुरात होली क्रॉस कॉन्व्हेंट आणि सेंट झेवियर्स या शाळा आहेत आणि मुलगी संध्याकाळी घरी येते. चंदगड, आजरा, गगनबावडा या भागांत राहणारी कुटुंबे, बदलीच्या नोकरीतले पालक किंवा घरातल्या आजारपणामुळे मुलीकडे पुरेसे लक्ष देता न येणारे पालक यांच्यासाठी निवासी शाळा हा खरा पर्याय ठरतो. ‘घरी कुणाचं ऐकत नाही, तिकडे सिस्टर सरळ करतील’ या कारणासाठी मात्र मुलीला पाठवू नये. अशा मुलीला शाळा ही शिक्षा वाटते आणि पहिल्या दिवसापासून ती सुटकेची वाट पाहू लागते.

कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे पाचगणी. महामार्गाने सातारा, तिथून वाई आणि मग पसरणीचा घाट, असा हा प्रवास सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या आत होतो. तिथली सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही मुलींची निवासी शाळा १८९५ मध्ये सुरू झाली. ती डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या सिस्टर्सची आहे आणि हा संघ १८३३ मध्ये बेल्जियममधील लीएज येथे स्थापन झाला. पाचगणीतच असलेली किमिन्स ही मुलींची शाळाही ख्रिस्ती आहे, पण ती प्रोटेस्टंट परंपरेतली. त्यामुळे ‘पाचगणीची मिशनची शाळा’ एवढ्या वर्णनावर विसंबून राहू नये. नुसत्या पाटीवरच्या ‘कॉन्व्हेंट’ या नावावरही जाऊ नये, कारण चर्चशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक खासगी शाळा ते नाव लावतात. शाळा कोणत्या संघाच्या सिस्टर्स चालवतात आणि त्या आवारातच राहतात का, हे दोन प्रश्न विचारले की चित्र स्पष्ट होते. सिस्टर्सच्या बदल्या होतात, मुख्याध्यापिकाही त्याला अपवाद नसतात. म्हणून मुलाखतीत भेटलेल्या एका प्रेमळ सिस्टरकडे पाहून शाळा निवडली, असे होऊ देऊ नये. वॉर्डन, मेट्रन (वसतिगृहात मुलींची देखभाल आणि आजारपण पाहणारी बाई) आणि जुन्या शिक्षिका किती वर्षे टिकून आहेत, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

बेळगाव आणि गोवा आपल्याला जवळ असल्याने तिकडच्या शाळांचाही विचार होतो. इथे एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण असाव्या लागतात. अपवाद आहेत, पण ते सर्वांना लागू होत नाहीत. पाचवीत प्रवेश घेताना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा विचार कोणी करत नाही, आणि सात वर्षांनी हाच नियम आडवा येतो. राज्याबाहेर पाठवायचे असेल तर त्या-त्या वर्षीची प्रवेश माहितीपुस्तिका एकदा वाचून घ्यावी.

वय आणि इयत्ता

पहिली-दुसरीच्या वयात मुलीला दूर ठेवू नये, असे मला वाटते. पाचवी किंवा सहावी हा प्रवेशाचा चांगला टप्पा आहे. मुलगी स्वतःचे आवरू शकते आणि नव्या मैत्रिणी जोडण्याइतकी लहानही असते. या शाळांपैकी अनेक आयसीएसई मंडळाच्या आहेत. त्या मंडळात दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते आणि थेट दहावीत सहसा प्रवेश मिळत नाही, त्यामुळे आठवीनंतर शाळा बदलण्याचा विचार फार जपून करावा. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातून थेट सातवी-आठवीत जाणाऱ्या मुलीला विज्ञान आणि इतिहास-भूगोल हे सगळे एकाच वेळी इंग्रजीत वाचावे लागते. हुशार मुलीही तिथे पहिले सत्र गप्प बसून काढतात. त्यासाठी महागडी शिकवणी लावण्यापेक्षा आधीच्या वर्षभर रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचन आणि गणिताच्या संज्ञांची इंग्रजी नावे पाठ करणे, एवढे केले तरी पुष्कळ होते.

मराठी सुटेल ही काळजी आजी-आजोबांना असते आणि ती रास्त आहे. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ती दुसरी भाषा म्हणून गांभीर्याने शिकवली जाते की केवळ नियमापुरती, हे विचारावे आणि मराठीच्या वह्या पाहायला मागाव्यात. आवारात फक्त इंग्रजीतच बोलावे असा नियम काही ठिकाणी असतो. तो मोडल्यास काय होते, हेही विचारून घ्यावे. आठवड्याला घरी एक मराठी पत्र लिहिण्याची सवय मुलीला लावली तर भाषा टिकते आणि फोनवर जे बोलता येत नाही ते पत्रात उतरते. पत्रे आधी वॉर्डन वाचतात का, याचे उत्तर मात्र मुलीला जाण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे.

धर्माचा प्रश्न

हा प्रश्न बहुतेक पालक मुलाखतीत विचारत नाहीत आणि घरी परतताना गाडीत त्यावर तासभर बोलतात. तो सिस्टर्सनाच सरळ विचारावा, त्यांना त्याची सवय असते. भारतीय राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार राज्याची मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाची संमती लागते. संस्था चालवण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क कलम ३० मध्ये आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, त्यामुळे प्रवेशअर्जातल्या संमतीच्या ओळी वाचल्याशिवाय सही करू नये.

नेहमीच्या पद्धतीनुसार कॅथलिक मुलींसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो आणि इतर मुलींना त्या वेळी मूल्यशिक्षण दिले जाते. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कॅथलिक मुलींसाठी असते. सकाळच्या सभेतली प्रार्थना, जेवणाआधीचे आभाराचे चार शब्द, ऑक्टोबरमधला रोझरीचा (जपमाळेच्या प्रार्थनेचा) महिना, ज्या संतांचे नाव शाळेला आहे त्यांचा सण आणि नाताळाआधीची गाणी यांच्या वातावरणात मात्र सगळ्याच मुली राहतात. सेंट जोसेफ यांचा सण १९ मार्चला असतो. आपल्या मुलीने ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना पाठ म्हटली तर घरात कुणाच्या कपाळाला आठ्या पडणार असतील, तर ही शाळा त्या घरासाठी नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. उलट, देव्हाऱ्यासमोर शुभंकरोति म्हणणारी मुलगी तिकडची प्रार्थना शिकली म्हणून इकडची विसरत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

टिकली, बांगड्या, हातावरची मेंदी, गळ्यातला ताईत किंवा लिंगायत मुलीच्या गळ्यातले इष्टलिंग यांविषयी प्रत्येक शाळेचा नियम वेगळा असतो. तो तोंडी न विचारता नियमपुस्तिकेत पाहावा आणि तिथे उल्लेख नसेल तर ई-मेलवर उत्तर घ्यावे. गौरी-गणपतीला घरी सोडतात का, हेही विचारावे. दिवाळीची सुट्टी मिळते, पण नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आणि दसऱ्याला सोने लुटायला मुलगी घरी असेलच असे नाही.

कॅथलिक कुटुंबांसाठी प्रवेशाची वाट थोडी वेगळी आहे. बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांचे पत्र सोबत जोडावे लागते आणि काही संघांकडून फीमध्ये सवलतही मिळू शकते. कोल्हापूरची कॅथलिक चर्चे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतात. फादरांकडे ऐन मे महिन्यात न जाता दिवाळीनंतर लगेच जावे.

कागदपत्रे आणि पैसे

जन्मदाखला, आधार, मागील दोन वर्षांची गुणपत्रके, लसीकरणाची नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला ही नेहमीची यादी कोणीही देईल. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, आपल्याकडच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि दाखल्यावर जात-पोटजातीची नोंद असते आणि पुढे जात पडताळणीच्या वेळी हाच कागद शोधत फिरावे लागते. इतर मंडळांच्या काही शाळांच्या दाखल्यावर ती नोंद नसते. म्हणून जुन्या शाळेतून निघताना दाखल्याच्या आणि रजिस्टरच्या उताऱ्याच्या साक्षांकित प्रती घेऊन घरात ठेवाव्यात. मुलीचे, वडिलांचे आणि आईचे नाव सर्व कागदांवर एकाच स्पेलिंगने आहे का, हेही पाहावे. ‘पाटील’ एका कागदावर एका तऱ्हेने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असले की पुढे प्रतिज्ञापत्रांचे शुक्लकाष्ठ मागे लागते.

फीचा एकच आकडा ऐकून घरचा हिशेब करू नये. शैक्षणिक शुल्क (ट्यूशन फी), निवास-भोजन, अनामत, धुलाई, वैद्यकीय खर्च, सहल, गणवेश आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा, आणि यातले परत मिळणारे कोणते, तेही लिहून घ्यावे. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत शैक्षणिक शुल्कावर वजावट मिळते, वसतिगृहाच्या खर्चावर मिळत नाही, म्हणून पावती विभागून मागावी. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांची अपेक्षा या शाळांकडून ठेवू नये, कारण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना त्या कायद्यातून वगळले.

जाण्याआधीचे सहा महिने

खरी तयारी घरात होते आणि तिची सुरुवात केसांपासून करावी. बहुतेक घरांत आई सकाळी घाईघाईने मुलीच्या दोन वेण्या घालून देते. वसतिगृहात एका खोलीत वीस-पंचवीस मुली असतात, आरसे मोजके असतात आणि घंटा थांबत नाही. सहा महिने आधी आईने हात काढून घ्यावा. पहिल्या आठवड्यात भांग वाकडा पडेल, रिबीन शाळेच्या फाटकापर्यंतही टिकणार नाही, तरी बोलू नये. दहा मिनिटांत, आरशात न पाहता, दोन सारख्या वेण्या घालता येऊ लागल्या की मग केस धुणे, सुकवणे आणि बारीक फणीने उवा पाहणे शिकवावे. केस फार लांब असतील तर खांद्यापर्यंत कापावेत. आजी नाराज होईल, पण पाचगणीच्या पावसात जुलैमध्ये कमरेपर्यंतचे केस सुकत नाहीत आणि मग सर्दी पाठ सोडत नाही.

यानंतर अंथरूण घालणे, आतले कपडे स्वतः धुणे, गजर लावून उठणे आणि ताटात पडेल ते खाणे. शेवटची गोष्ट कोल्हापूरच्या मुलीला सर्वांत जड जाते. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला वसतिगृहाची आमटी पाणचट लागते. डब्यातून कांदा-लसूण चटणी किंवा भडंग देता येईल का, आणि तो खाऊ मुलीच्या लॉकरमध्ये राहतो की सर्वांचा एकत्र ठेवून वाटला जातो, हे विचारून घ्यावे. शिरोळ-हातकणंगले भागातल्या जैन कुटुंबांनी याहून पुढचे प्रश्न विचारायला हवेत. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का, कंदमुळांशिवायची भाजी रोज मिळेल का, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याची सोय आहे का? बहुतेक ठिकाणी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे येते, कारण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जेवणाची घंटा त्यानंतर होते. या बाबतीत तडजोड करायची की नाही, हे घराने ठरवावे. ते मुलीवर सोपवू नये.

मासिक पाळीविषयी मुलीला घरातूनच सांगून पाठवावे, मग ती सुरू झालेली असो वा नसो. पॅड कसे वापरायचे, गुंडाळून कुठे टाकायचे, डाग पडल्यास चादर कोणाकडे द्यायची आणि पोट दुखल्यास मेट्रनला कोणत्या शब्दांत सांगायचे, इथपर्यंत बोलावे. घरी बाजूला बसण्याची पद्धत असेल, तर तिथे ती नसेल आणि त्यात काही वावगे नाही, हेही आईनेच सांगावे. नाहीतर लहान मुलगी अपराधी वाटून चार दिवस कुणाशी बोलत नाही.

सामानाची यादी शाळा देतेच. प्रत्येक कपड्यावर, मोज्यांच्या जोडीतल्या दोन्ही मोज्यांवर आणि टॉवेलवरसुद्धा नाव आणि धुलाईचा क्रमांक धाग्याने शिवावा. पेनाची शाई दोन धुण्यांत जाते. पावसाळ्यासाठी आतल्या कपड्यांचे दोन-तीन जोड यादीपेक्षा जास्त द्यावेत. औषधे ट्रंकेत ठेवू नयेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ती मेट्रनच्या हाती द्यावीत आणि दमा, फिट किंवा कसली ॲलर्जी असल्यास ते लपवू नये. जागा जाईल या भीतीने लपवलेला दमा थंडीतल्या एखाद्या रात्री उघड होतो आणि तेव्हा घर दीडशे किलोमीटरवर असते.

भेटीला येऊ शकणाऱ्यांची नावे आणि छायाचित्रे शाळा मागते. एकत्र कुटुंबात मामा, आत्या, काका सगळ्यांनाच यादीत यायचे असते. यादी चार नावांपलीकडे नेऊ नये आणि त्यातले एक सातारा-वाई भागातले, अडीअडचणीला तासाभरात पोहोचू शकणारे असावे.

पहिले सत्र

सुरुवातीचे काही आठवडे भेट नाही आणि फोन आठवड्यातून एकदाच, असा नियम बहुतेक शाळांत असतो. पहिल्या फोनवर मुलगी रडते. त्या वेळी आईने ‘येतेस का घरी?’ असे विचारणे सर्वांत घातक ठरते, कारण त्यानंतर मुलगी पुढच्या रविवारी अधिक रडते. शेजारी कोण झोपते, आज काय खेळलात, कोणता तास आवडला, असे विचारावे आणि पुढच्या भेटीची तारीख सांगावी. रडू सहसा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, वजन उतरले, अंथरूण ओले होऊ लागले, एखाद्या व्यक्तीचे नाव निघाले की मुलगी गप्प होऊ लागली, किंवा पूर्वी भरभरून येणारी पत्रे दोन ओळींची झाली, तर ते घरची आठवण म्हणून सोडून देऊ नये. आधी वर्गशिक्षिका आणि वॉर्डन, मग मुख्याध्यापिका, असे क्रमाने जावे आणि बोलणे झाल्यावर ते लेखी पाठवावे. लैंगिक छळाची शंका असल्यास मात्र हा क्रम पाळण्याची गरज नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी बाब पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि शाळेलाही ती ‘आपसात’ मिटवता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलीला पाठ असावा.

दिवाळीत मुलगी घरी आली की पहिले दोन दिवस तिला झोपू द्यावे. पाहुण्यांसमोर इंग्रजी बोलून दाखवायला लावू नये. ताट स्वतः घासायला उठली तर हसू नये, आणि भावाने उठावे अशी तिची अपेक्षा असेल तर ती योग्यच आहे.

वर्ष संपल्यावर शाळा मानवली नाही असे दिसले, तर काढून घेण्यात कमीपणा नाही. साधारणपणे एका सत्राची लेखी पूर्वसूचना द्यावी लागते, अन्यथा अनामत जाते. सूचना पाठवण्यापूर्वी कोल्हापुरातल्या शाळेत जागा निश्चित करावी, ग्रंथालय, धुलाई आणि खर्चासाठी वॉर्डनकडे ठेवलेल्या पैशांचा हिशेब पूर्ण करून घ्यावा आणि दाखला हातात पडल्यावर शाळेच्या कार्यालयातच उभे राहून जन्मतारीख, नाव आणि मंडळाचा उल्लेख तपासावा. चूक तिथेच दुरुस्त झाली तर अर्ध्या तासात होते, घरी आल्यावर लक्षात आली तर पसरणीचा घाट पुन्हा चढावा लागतो.